एकशे सतरा पत्रं

"समे, डबा घेतलास का? का त्यो पन कम्पुटरात ठेवून आलीस?"

तव्यावरची भाकरी उलटता उलटता मनिषानं हाक मारली. समृद्धी दारात एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायात सँडल अडकवत होती.

"आये, उशीर झाला ना, तर मॅडम मशीन देत नाय. मग दोघींत एक घेऊन बसावं लागतं."

"चुलीपाशी पन एकटीनंच बसावं लागतं बाय. त्याचं प्रॅक्टिकल कवा हाय तुमच्या कालेजात?"

शेजारच्या ओट्यावरून हसण्याचा आवाज आला. रंभाकाकी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. हसता हसता तिला दम लागला. छातीवर हात ठेवून ती जरा थांबली आणि म्हणाली, "जाव दे गो तिला, मनिषा. आपल्या दोघींचं आयुष चुलीपाशी गेलं. कंचं सर्टिफिकेट मिलालं?"

या दोन घरांची भिंत एकच. मनिषाला विषमज्वर झाला तेव्हा समृद्धी सहा महिन्यांची होती. ते सगळे दिवस तिला रंभाच्या मांडीनं सांभाळलं. तेव्हापासून भिंतीच्या अलीकडे भाजी शिजली की पलीकडे वाटी जायची आणि पलीकडे खरवस झाला की अलीकडे यायचा. कोणी कोणाला दिलं याचा हिशेब दोन्ही घरांत कोणी कधी ठेवला नव्हता.

दांडखार गाव पनवेलच्या खाडीकडच्या टोकाला. मिठागरं केव्हाच गेली, शेतं गेली. गावचे पुरुष आता जासईकडच्या कंटेनर यार्डात कामाला जातात, पोरं खारघरच्या दुकानांत आणि ऑफिसांत. पण विठोबाचं देऊळ जागच्या जागी आहे, आणि माघातला सप्ताह एकही वर्ष चुकलेला नाही. समृद्धीचा बाप महादेव टाळ धरायचा, रंभाचा नवरा दयाराम पखवाज वाजवायचा. दयारामनानाची थाप ऐकून नवखा माणूससुद्धा दोन पावलं थांबे. भजनाला उभे राहिले की दोघांचे खांदे एकमेकांना लागलेले असत.

समृद्धी कॉलेजात गेलेली त्या घरातली पहिली मुलगी. पनवेलच्या कॉलेजात बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला. दुसऱ्या सत्रात तिनं एक जादा विषय घेतला होता, संगणक व माहिती तंत्रज्ञान परिचय. बाकीच्या मुलींनी तो सोपा म्हणून घेतला. हिला मात्र त्याचं वेड लागलं. की-बोर्डवर बोटं ठेवली की तिला वाटे, आपल्या हाताला कोणीतरी पहिल्यांदाच काहीतरी विचारतंय.

त्या दिवशी किशोरी मॅडमनी नवं प्रात्यक्षिक घेतलं. "पत्र एकदाच लिहायचं. नावांची यादी वेगळी ठेवायची. मग दोन्ही जोडायची. कॉम्प्युटर प्रत्येक पत्रात ज्याचं त्याचं नाव घालून देतो. याला म्हणतात मेल मर्ज." पडद्यावर एका पत्राची वीस पत्रं झाली, तेव्हा वर्गात कोणीतरी शिट्टी मारली. मॅडम हसल्या. "जर्नलसाठी मला खोटी पत्रं नकोत. 'प्रिय मित्रा, तुला वाढदिवसाच्या शुभेच्छा' असलं काही आणू नका, कंटाळा आलाय मला त्याचा. तुमच्या गावाला, मंडळाला, सोसायटीला खरोखर लागणारं पत्र घ्या. चाळीसच्या वर नावं हवीत."

समृद्धीनं वहीत लिहून घेतलं, 'खरोखर लागणारं पत्र.'

असलं पत्र तिच्या घरी आपल्या पायांनी चालत येणार होतं.

झालं होतं असं. आदल्या आठवड्यात गावकीचा अध्यक्ष शिवाशेठ याच्या पुतण्याची हळद झाली. शिवाशेठ म्हणजे जमीन विकून गाड्या घेतलेला, गाड्या चालवून जमिनी घेतलेला माणूस. त्याच्या घरची हळद, तेव्हा डीजे असा, की भिंतीवरची भांडी नाचावीत. रंभाकाकीचं हृदय दुबळं, डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. तिचा जीव घाबरा झाला. दहा वाजून गेले, अकरा वाजून गेले. मुलगा प्रणित दोनदा जाऊन हात जोडून आला. "दादूस, आयशीला सोसत नाय. जरा बारीक करा ना." पोरांनी त्यालाच ओढून नाचायला घेतलं. शेवटी त्यानं पोलिसांना फोन लावला. गाडी आली, डीजे बंद झाला, हळदीच्या मांडवात शिवाशेठला चार पाहुण्यांसमोर साहेबाची बोलणी खावी लागली.

एवढाच काय तो दयारामच्या घराचा गुन्हा.

देवळाच्या सभामंडपात गावकी बसली. दयारामला बोलावलं नाही. तासाभरात निकाल झाला, घर वाळीत. दांडखारात हे नवीन नव्हतं. आजोबाच्या काळी एकदा झालं होतं, मधे एकदा झालं होतं. दवंडी फिरायची, सहा महिने-वर्ष लोक तोंड फिरवायचे, मग कोणीतरी मध्ये पडून मिटवायचं. याही वेळी तसंच होणार, असं महादेवला वाटत होतं. पण त्या प्रात्यक्षिकाच्या दिवशीच संध्याकाळी शिवाशेठ स्वतः त्याच्या ओटीवर येऊन बसला.

"महादेव, तुझी पोर कम्पुटर शिकते ना रं? आता दवंडी-बिवंडी नाय चालत. कोन ऐकतो, कोन नाय. आपल्याला नीट पत्र काढायचंय. घरटी एक. परतेकाचं नाव घालून."

समृद्धी आत चहा गाळत होती. ते शब्द ऐकले आणि तिच्या मनात पहिलं काय आलं असेल? देव साक्षी आहे, तिला रंभाकाकी आठवली नाही. तिला आठवलं मेल मर्ज.

शिवाशेठच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता, प्रिंटर होता, आणि दोन्ही चालवणारं कोणी नव्हतं. खुर्चीत उशी घालून तिला बसवलं. मागं पाच-सहा जाणती माणसं आणि त्यात बाप. शिवाशेठ सांगत गेला, ती टाइप करत गेली. वर 'जय हरी'. मग अमुक अमुक यांस कळविण्यात येते की, दयाराम गोमा पाटील यांचे कुटुंब गावकीने वाळीत टाकले आहे. एक, त्यांना दुकानातून सामान देऊ नये. दोन, त्यांच्याशी बोलू नये. तीन, हळदीला, बारशाला, मयतीला त्यांच्या घरी जाऊ नये. चार, त्यांना आपल्या गाडीत बसवू नये. पाच, जो हे मोडील त्याच्या घरालाही हेच लागू राहील.

तिची बोटं तिसऱ्यापाशी थांबली. "शेठ, मयतीला पन?"

"तू टायपिंग कर," महादेव मागून म्हणाला.

एक म्हातारा पुटपुटला, "कागद नको रं शिवा. कागद वाईट असतो."

"काका, सही कोनाची हाय का त्यावर? खाली नुसतं 'गावकी, दांडखार'. आनि बाहेरचा मानूस हाय कुठं हितं? आपलीच पोर हाय."

मग यादी. सप्ताहाच्या पंगतीसाठी केलेली घरांची यादी होतीच, एकशे अठरा घरं. चौसष्टावी ओळ दयारामची. समृद्धीनं ती ओळ निवडली, बटण दाबलं. ओळ गेली. खालची घरं एकेक पायरी वर सरकली, पासष्टाचा चौसष्ट झाला, सहासष्टाचा पासष्ट. मधे कुठं काही होतं याची खूणही उरली नाही. तिनं यादी आणि पत्र जोडलं. प्रिंटर घरघरला आणि एकामागून एक एकशे सतरा पत्रं ट्रेमध्ये येऊन पडली. प्रत्येकावर वेगळं नाव.

"बघा रं!" शिवाशेठनं मांडीवर थाप मारली. "पोरीनं एका बटनात गाव बांधला. महादेव, तुझी पोर सायेब होनार." कोणीतरी तिच्या हातावर पेढा ठेवला. बापाच्या चेहऱ्यावर जो आनंद तिनं पाहिला, तो बारावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. तिनं पेढा खाल्ला.

मनुष्याचं हे असंच असतं. नवी विद्या हातात आली की ती कोणाच्या गळ्यावरून फिरते आहे हे पाहायला सवड नसते. ज्याच्या नावानं भजन करतो त्याच विठोबाचं नाव कागदाच्या डोक्यावर लिहून आपण एका घराचं पाणी तोडतो, आणि तोडताना हातही थरथरत नाही.

पत्रं घरोघर गेली. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं दयारामला साखर दिली नाही. पिशवी त्याच्यासमोर होती, तरी "संपली, नाना" म्हणाला. आणि मग, तो मुळात वाईट माणूस नव्हता म्हणून, मान वळवून डोळे पुसले. मनिषानं पहिल्या दिवशी सवयीनं वाटी भरली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. महादेवनं नुसतं पत्राकडं बोट दाखवलं. पत्र देवघराशेजारी खिळ्याला लावलेलं होतं. 'श्री. महादेव पांडुरंग घरत यांस.' वाटी परत आली.

गावची सगळ्यात म्हातारी गोदूआजी. ती मनिषाच्या ओट्यावर येऊन बसली, आणि समृद्धीकडे बघून म्हणाली, "पोरी, लय शिकलीस. आदी दवंडी व्हायची ना, तेवा गावाला बहिरं व्हायला जागा होती. 'मी कुठं ऐकली? मी शेतावर होते,' असं म्हनून मी सोताच्या हातानं वालीत टाकलेल्या बाईचं बालंतपन केलंय. आता कसं करू? कागदावर माजं नाव हाय. गोदाबाई रामा भोईर. मी बहिरी पन नाय नि शेतावर पन नाय."

पहिल्यांदा समृद्धीला कळलं, आपण नेमकं काय केलंय. जुन्या वाईट चालीत एक फट होती, माणुसकी तिथून ये-जा करत होती. ती फट आपण बुजवली.

मग सप्ताह लागला. देवळात तोरणं, रांगोळ्या, पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ आणि मग कीर्तन. पाचव्या दिवशी चिरनेरकडचे बुवा आले. गोड गळ्याचे, हसऱ्या चेहऱ्याचे, दर वर्षी येणारे. उभे राहिले, वीणा गळ्यात घातली आणि पखवाजाकडे बघून विचारलं, "अरे, आमचे दयारामबुवा कुठं? त्यांच्या थापेशिवाय माझा पाय उचलत नाही."

टाळकऱ्यांच्या रांगेत महादेव पहिला होता. सगळ्यांची नजर त्याच्याकडं गेली, कारण शेजारी तोच.

"आजारी हायत, म्हाराज," महादेव म्हणाला.

समृद्धी बायकांत बसली होती. विठोबाच्या पुढ्यात, हातात टाळ घेऊन, आपला बाप खोटं बोलला. बुवांनी "पांडुरंग बरं करो" म्हणून हात जोडले. आणि दयाराम? तो देवळाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, बंद टपरीच्या फळीवर बसला होता. आत पखवाजावर बसवलेल्या नव्या पोराची थाप चुकली की त्याची बोटं मांडीवर आपोआप ती जागा भरून काढत होती. बुवा त्या रात्री सांगत होते, देवाच्या घरी दारं नाहीत, असती तर बंद करता आली असती. लोक माना डोलवत होते. कोणाला रस्त्यापलीकडचं दिसत नव्हतं, कारण पत्रात तसं लिहिलं होतं.

कीर्तनानंतर तिसऱ्या दिवशी जर्नल द्यायचं होतं. इथं समृद्धीकडून जे घडलं ते दांडखारच्या मुलीकडूनच घडू शकतं. तिच्याकडे दुसरं पत्र तयार नव्हतं, वेळ नव्हता, आणि हे पत्र उत्तम साधलेलं होतं. मनाला बोचत होतं, पण बोचणारी गोष्ट लपवायची असते हे तिला सुचलंच नाही. गावात तर ते भिंतीभिंतीवर टांगलेलं होतं. तिनं शेठच्या ऑफिसातून जर्नलसाठी जादा काढून आणलेली यादी, मूळ पत्र आणि पहिल्या तीन प्रती नीट लावल्या आणि जर्नल देऊन टाकलं.

दुपारी किशोरी मॅडमनी तिला थांबवून घेतलं. लॅब रिकामी होती.

"समृद्धी, हे काय आहे?"

"मेल मर्ज, मॅडम. एकशे सतरा रेकॉर्ड आहेत. एक डिलीट केला."

मॅडमना राग आला नव्हता, भीती वाटली होती. एवढी हुशार, एवढी निरागस मुलगी, आणि तिला कळतच नाही की आपण गुन्ह्याचा पुरावा दहा गुणांसाठी आणून दिलाय.

"तुला माहीत आहे, हा गुन्हा आहे? याच्यासाठी कायदा झालाय आपल्या राज्यात, दोन हजार सोळा सालचा. वाळीत टाकणं, टाकायला मदत करणं, दोन्ही. तुरुंगात जातात माणसं."

"मॅडम, आमच्यात असंच असतं."

"कोण आहेत हे दयाराम?"

"शेजारी." मग रडू फुटलं. "मी लहान असताना त्यांच्याच घरी…"

"मग चल. आत्ता जाऊ पोलिसांकडे."

"नको मॅडम! बाबा आहेत त्यात. आमचंही पत्र निघेल. माझं कॉलेज बंद होईल. दोन दिवस द्या मला. मी बाबांना सांगते, ते शेठला सांगतील, मिटेल."

किशोरी मॅडम भल्या बाई. मुलीचं घर मोडू नये म्हणून त्यांनी दोन दिवस दिले. पुढं त्या स्वतःला कायम विचारत राहिल्या, की का दिले.

दोन दिवसांत समृद्धीनं बापाला चारदा सांगायचं ठरवलं आणि चारदा तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, महादेव यार्डातल्या पाळीवरून येऊन जेवत होता. बाहेर त्याची छोटी गाडी उभी होती, ऊन टपावर तापलेलं. भिंतीपलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग दयारामचा आवाज, "रंभे! ये रंभे!"

थोड्या वेळात तो रस्त्यावर दिसला, अनवाणी. आधी कुंदनच्या घराकडे गेला. कुंदनची व्हॅन म्हणजे गावची भाड्याची गाडी. कुंदन दारात आला, खाली मान घालून म्हणाला, "नाना, घरी पत्र हाय. माझ्या नावाचं." आणि आत गेला. दयाराम वळून महादेवच्या फाटकाशी आला. आत पाऊल टाकलं नाही.

"महादेव," तो म्हणाला. "तिला श्वास घेता येत नाय रं. प्रणितनं खारघरातून अँबुलन्सला फोन केलाय, पन ती येनार, मग जानार. तुझी गाडी हाय दारात. पनवेल वीस मिनिटं. मी नाय बसत गाडीत, तिला तेवडी ने."

महादेवच्या हातातला घास ताटात पडला. समृद्धी उठली आणि खिळ्यावरची किल्ली घेतली. महादेवनं तिचं मनगट धरलं.

"बाबा!"

"खाली बस."

"बाबा, काकी मरंल!"

"आनि उद्या आपलं घर?" त्याचा आवाज फाटला होता. "तूच छापलंस ना? पाचवं काय लिवलंय, वाच. तुझं लगीन, तुझं कालेज, माझी आय मरंल तेवा कोन खांदा देईल?"

किल्ली तिच्या मुठीत होती. तिला गाडी चालवता येत नव्हती. पण ती ओरडू शकली असती, दार उघडून रस्त्यावर जाऊ शकली असती, रंभाकाकीच्या डोक्याशी जाऊन बसू शकली असती. तिनं तसं केलं नाही. ती खाली बसली. मनिषा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पदर तोंडात कोंबून उभी होती. फाटकाशी दयारामनं थोडा वेळ वाट पाहिली. मग जसा आला तसा अनवाणी परत गेला. ना शिवी, ना शाप.

रुग्णवाहिका आली तेव्हा रंभाकाकी नेण्यासारखी राहिली नव्हती.

दांडखारात मयत झालं की गाव सांगावं लागत नाही. बांबू कोणी आणतं, लाकडं कोणी आणतं, बायका येऊन चूल हातात घेतात, भजनी मंडळ पुढं होतं. त्या संध्याकाळी कोणी आलं नाही. प्रणितबरोबर काम करणारे दोन मित्र खारघरहून आले. एक मराठी, एक बिहारी. तिरडी कशी बांधायची हे दोघांनाही माहीत नव्हतं. दयारामनं स्वतः बांधली, बायकोची. चारच खांदे, त्यातले दोन परके. वाटेत खांदा बदलायलाही कोणी नाही, दारं सगळी लावलेली. मंडळाचा पखवाज देवळात कुलपात. दयारामनं चालता चालता एकट्यानं अभंग धरला, मधेच थांबायचा, आणि तो थांबला की रस्त्यावर नुसते चार जणांचे पाय वाजायचे. समृद्धी खिडकीच्या गजाला कपाळ लावून ऐकत होती. तिसरं कलम तिनं स्वतः टाइप केलं होतं. चौथंही.

जे कीर्तन ऐकून आपण रडतो, त्यात भक्ताघरी कोणी नसलं की देव येतो, पाणी भरतो, दळण दळतो. त्या दिवशी देवानं कोणाच्या रूपानं यायचं? एकशे सतरा घरांत त्याला एक रूप मिळालं नाही.

सकाळी शिवाशेठ ओटीवर आला. बरोबर तीच माणसं, पण आज आवाज खाली. "महादेव, पोरीला बोलाव. हे बघ समे, प्रणित काय गप बसनार नाय. तर ते ऑफिसातल्या कम्पुटरातलं सगलं पुसायचं. आनि नवं पत्र करायचं, मागची तारीख घालून. गावकीनं कोनाला वालीत टाकलं नाय, गुण्यागोविंदानं नांदतो. परतेकाच्या नावानं. सह्या आमी घेतो. तसंच बटन दाब, झालं."

"मी नाय करनार," समृद्धी म्हणाली.

"काय?"

"पत्र. मी नाय करनार. पुसनार पन नाय. आनि शेठ, त्याची एक प्रत मॅडमकडं हाय. मी दिली, मार्कांसाठी."

शिवाशेठ हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. "पोरी, तुझंच नाव पहिलं येनार त्यात. छापलं कोनी? आमी तर अडानी मानसं. बोटं कोनाची?"

"माझीच."

"आनि लगीन? कोन येईल दारात? रंभा काय, आज ना उद्या जानारच होती."

"मग तुमी गाडी दिली असती तरी काय बिघडलं असतं?" तिचा आवाज चढला नाही. "जानारच होती ना? मग वीस मिनिटं तिला गाडीत बसवलं असतं, तर गावाचं काय गेलं असतं, शेठ?"

महादेवचा हात उठला. आयुष्यात पहिल्यांदा मुलीवर उठला. तो खाली येण्याआधी मधे मनिषा आली होती. नुसती उभी राहिली, कणकेचे हात तसेच. महादेवनं हात खाली घेतला आणि तो ओटीच्या कडेला बसला, डोकं गुडघ्यांत घालून. मनिषानं हात धुतले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि मुलीला म्हणाली, "चल."

दोघी भिंतीपलीकडे गेल्या. दयाराम दारातच बसला होता. समृद्धी त्याच्या पायांवर पडली. तो तिला उठवत नव्हता आणि ढकलतही नव्हता. मग म्हणाला, "तुझा राग नाय गो. तिला शेवटी पानी मीच पाजलं. पन ती तुजं नाव घेत होती, समी कुठं हाय म्हनून." त्याहून मोठी शिक्षा कोणत्याही कायद्यात नाही.

पनवेलच्या पोलीस ठाण्यात, समृद्धीचा वाटेतला फोन मिळाल्यामुळे, किशोरी मॅडम आधीच येऊन थांबल्या होत्या, जर्नल छातीशी धरून. प्रणित भिंतीला टेकून उभा होता. त्यानं समृद्धीकडे पाहिलं नाही. साहेबांनी पत्र वाचलं, दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"हे तयार कुणी केलं?"

"मी."

"बाळ, विचार करून बोल. तूही यात येऊ शकतेस."

"हो. माहीत आहे. मॅडमनी सांगितलंय."

"बरं. तुला मजकूर सांगताना तिथं कोण कोण हजर होतं? एकेक नाव सांग. हे लिहून घेत आहेत."

टेबलापलीकडच्या हवालदारानं की-बोर्ड पुढं ओढला. समृद्धीनं तोंड उघडलं. शिवाशेठचं नाव सोपं होतं. पण त्या खोलीत तिच्या खुर्चीच्या सगळ्यात जवळ, पाठीवर हात ठेवून जो उभा होता, त्याला वगळून यादी सुरू करायची? आणखी एक ओळ गाळायची? तिचे ओठ हलले, शब्द आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नाही आला.

मनिषा शेजारी बसली होती. दांडखारच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'हे', 'आमचे घरवाले', 'समीचे बाबा'. रेशनच्या रांगेतसुद्धा ती मुलीला पुढं करायची. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. वीस वर्षं झाली.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हवालदाराकडे बघून म्हणाली, "लिवा. महादेव पांडुरंग घरत."

हवालदाराची बोटं थांबली. "हे कोण तुमचे, बाई?"

"माझा नवरा."

की वाजू लागल्या. समृद्धीनं आईचा हात घट्ट धरला आणि पुढचं नाव सांगितलं.